ऊन, वारा आणि विजेचें बिल

उष्णता कशी जपावी आणि कशी अडवावी, हें कोल्हापूरच्या आसमंतांतील माणसाला शिकवावें लागणार नाहीं, असें कोणासही वाटेल. शहराला लागून, पुणें-बंगळूर महामार्गाच्या कडेला उचगांव वसलेलें आहे. त्याच्या एका बाजूस शिरोलीची व दुसऱ्या बाजूस गोकुळ शिरगांवची औद्योगिक वसाहत असून दोन्हीकडे लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत. आणि सभोंवतालच्या ऊसपट्ट्यांत हंगाम आला कीं गुऱ्हाळें पेटतात. भट्टीवरील कारागीर आंतून उष्णतारोधक विटांचें अस्तर लावल्याखेरीज भट्टी पेटवीत नाहीं; अस्तर नसेल तर जळण फुकट जातें, हें त्यास ठाऊक असतें. गुऱ्हाळावरील गुळव्या काहिलींतील रसाकडे पाहून चुलवाणांतील जाळ कमी-अधिक करावयास सांगतो. उष्णता म्हणजे पैसा, हें दोघांनाही पुस्तकावांचून समजलेलें असतें. परंतु नवल असें, कीं हाच मनुष्य संध्याकाळीं घरीं परतला म्हणजे त्याचें हें सारें ज्ञान उंबऱ्याबाहेर वहाणांजवळच राहतें. दिवसभर अस्तराची काळजी वाहणारा कारागीर रात्रीं बिनअस्तराच्या भट्टींत झोंपतो, आणि महिनाअखेर विजेचें बिल हातीं पडलें म्हणजे बिल पाठविणाऱ्याला दोष देतो.

अशा एका घराचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. घर उचगांवांतील, नांव कोणतेंही चालेल, कारण असें घर गल्लीगल्लींत सांपडेल. पूर्वीं तेथें कौलारू घर होतें. भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद; वर मंगळुरी कौलें; कौलांखालीं माळा, आणि माळ्यावर धान्याच्या कणग्या व गुळाच्या ढेपा. पुढें तें घर पाडून त्या जागीं दुमजली स्लॅबचें घर उभें राहिलें. पावसाळ्यांतील गळती थांबली, उंदीर गेले, दरसाल घर शाकारण्याचा खर्च वांचला. नवें घर सर्वांना आवडलें. फक्त वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलींत ज्यांची सोय केली होती, त्या आजींना मे महिन्यांत रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागेना.

आजी तक्रार करणाऱ्या नव्हत्या. “जुन्या घरांत पंखा नव्हता रे, पण झोंप होती,” एवढेंच त्या एके सकाळीं मुलाला म्हणाल्या. त्या एका वाक्यानें मुलगा अस्वस्थ झाला. तो गोकुळ शिरगांवच्या एका कारखान्यांत भट्टीवर कामाला. त्यानें त्याच दिवशीं हप्त्यानें एसी घेण्याचें ठरविलें. सुनेला बिलाची धास्ती वाटली. कारण जून तोंडावर आला होता, आणि जून म्हणजे फी, वह्या, गणवेष. तेव्हां अकरावींत शास्त्रशाखेला असलेली नात वहीचें शेवटचें पान उघडून हिशेबाला बसली. त्या एका पानावर जें उतरलें, तोच आजच्या भाषणाचा विषय आहे.

एक हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. महावितरणच्या घरगुती बिलांत पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत हलका असतो. पुढें 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर, अशा पायऱ्यांनीं तो चढत जातो. यांतून एक गोष्ट निघते, ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. घरांत वांचविलेलें युनिट हें नेहमीं सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग पायरीवरचें युनिट असतें. ज्या घरांत महिन्यास 320 युनिटें जळतात, तेथें काटकसरीनें वांचलेलीं पहिलीं वीस युनिटें तिसऱ्या पायरीवरचीं असतात. म्हणून थोड्याशा बचतीचा बिलावर दिसणारा परिणाम अपेक्षेपेक्षां मोठा असतो. आणि थोड्याशा उधळपट्टीचाही तसाच.

नातीनें प्रथम एसीचा हिशेब मांडला. दीड टनाचें यंत्र सरासरीनें तासाला एक युनिट घेतें असें धरलें. रात्रींचे आठ तास. एप्रिल-मेच्या साठ रात्री. एकूण 480 युनिटें झालीं. आंकडा पाहून सून म्हणाली, “अहो, मी तेंच सांगत होतें!” पण नात तेवढ्यावर थांबली नाहीं. तिनें त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर स्नानघरांतील गीझरचा हिशेब मांडला, आणि तो पाहून सगळेच गप्प झाले.

तो हिशेब असा. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. आणि एका युनिट विजेपासून 860 किलोकॅलरी उष्णता मिळते. थंडींत टाकींतील पाणी 20 अंशांचें असतें आणि स्नानाला तें 40 अंशांचें हवें. वीस लिटरची बादली वीस अंशांनीं तापवावयाची म्हणजे 400 किलोकॅलरी उष्णता झाली. वाटेंत थोडी वायां जाते ती धरून बादलीमागें अर्धें युनिट. घरांत माणसें पांच, म्हणजे रोज अडीच युनिटें, महिन्यास 75. थंडीच्या चार महिन्यांचीं 300. पावसाळ्यांत पाणी इतकें गार नसतें म्हणून महिन्यास 60 धरलीं, तरी त्या चार महिन्यांचीं 240. बेरीज 540! ज्या एसीची सर्वांना धास्ती वाटत होती, त्याच्या साठ रात्रींपेक्षां स्नानाचें पाणीच अधिक वीज पीत होतें. आणि तें कित्येक वर्षें कोणाच्या लक्षांतही आलें नव्हतें.

याचें कारण उघड आहे. एसीचा खर्च नवा होता, म्हणून तो डोळ्यांत भरला; गीझरचा खर्च संवयीचा होता, म्हणून तो दिसेनासा झाला. काटकसर करावयास निघालेल्या गृहस्थानें पहिल्यानें हेंच करावें: घरांतील उपकरणांची यादी करून प्रत्येकापुढें वॉट आणि तास मांडावे. दिवे घालविण्यावरून मुलांवर रागावणारे वडील रोज सकाळीं गीझर तासभर चालू ठेवतात, असें दृश्य दुर्मिळ नाहीं. नऊ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट जाळावयास एकशें अकरा तास घेतो. दोन हजार वॉटच्या गीझरला पाणी तापवितांना त्यासाठीं अर्धा तास पुरतो.

युरोप-अमेरिकेंतील गृहस्थाला हिंवाळ्यांत सारें घरच ऊबदार ठेवावें लागतें. कोल्हापुरांत थंडींत पहांटे पारा 14-15 अंशांपर्यंत उतरतो. तेथें एक रजई पुरते. तेव्हां या भागांत तापविण्याचा खर्च म्हणजे स्नानाच्या पाण्याचा खर्च. त्याचा विचार पुढें येईलच. पण आधीं आजींच्या खोलीकडे वळलें पाहिजे, कारण पैशापेक्षां झोंप तांतडीची होती.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें 550 मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्यें दुपारीं पारा 37-38 अंशांपर्यंत, आणि कांहीं दिवशीं चाळिशीच्या जवळ जातो. परंतु रात्रीं तो बराच खालीं उतरतो, आणि संध्याकाळीं पश्चिमेकडून वारा सुटतो. मधूनच वळवाचा पाऊस येऊन हवा निवते. म्हणजे अंगण गार आणि खोली तापलेली, अशी स्थिति. यांत बाहेरच्या हवेचा दोष नाहीं. उष्णता दिवसां घरांत शिरते आणि रात्रीं बाहेर पडत नाहीं, हा दोष आहे. आणि ती कोठून शिरते हें सूर्याच्या वाटेवरून समजतें.

कोल्हापूर सुमारें पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यांत, आणि पुन्हां ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत, मध्यान्हीं सूर्य ठीक डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीं नाहींशी होते. ऐन उन्हाळ्यांत दक्षिणेची भिंत जवळजवळ निर्दोष असते. सारा मारा सपाट गच्चीवर होतो, आणि त्याच्या खालोखाल सकाळीं पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. डिसेंबरांत उलट होतें. सूर्य मध्यान्हींही दक्षिणेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकींतून येणारें ऊन हवेंहवेंसें वाटतें. म्हणून उन्हाळ्याचा खर्च कमी करावयाचा तर दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे शिवण्यांत पैसे घालूं नयेत. ते गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर घालावे. आजींची खोली नेमकी या दोहोंच्या तडाख्यांत होती.

जुन्या कौलारू घरांत ही अडचण कां नव्हती? कौल पातळ असतें. तें दुपारीं तापतें खरें, पण सूर्य कलतांच तितक्याच लौकर निवतें. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्यावर निघून जाते. शिवाय मध्यें माळा असतो. म्हणजे छप्पर आणि मनुष्य यांच्यामध्यें हवेची एक जाड गादी असते. सिमेंटचा स्लॅब याच्या अगदीं उलट वागतो. दिवसभर तो ऊन पीत राहतो, आणि सूर्य मावळल्यावर सावकाश तें खालीं झोंपलेल्या माणसावर ओततो. रात्रीं नऊ वाजतां पंखा लावला म्हणजे तो छताजवळची तापलेली हवाच खालीं ढकलतो. तक्रार पंख्याची होते. अपराध छताचा असतो.

हें ऐकून भट्टीवर काम करणाऱ्या मुलाच्या तोंडून एकच शब्द निघाला: “अस्तर!” भट्टीला तें आंतून लावतात, कारण उष्णता आंत ठेवावयाची असते, घराला तें बाहेरून लावलें पाहिजे, कारण उष्णता बाहेर ठेवावयाची असते. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचावयास एवढा उन्हाळा जावा लागला.

गच्चीचें सर्वांत स्वस्त अस्तर म्हणजे चुना. उघडा, काळवंडलेला स्लॅब उन्हाचा मोठा भाग शोषून घेतो. ताजा पांढरा चुना त्याचा मोठा भाग परत आकाशाकडे पाठवितो. पाडव्याच्या सुमारास गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून कळीच्या चुन्याचे दोन-तीन हात द्यावे. चुना विझवितांना उकळतो व उडतो; डोळे सांभाळावे आणि मुलांना दूर ठेवावें. पावसाळ्यांत हा लेप धुऊन जातो, म्हणून दरसाल तो द्यावा लागतो. ज्यांना तें नको असेल त्यांनीं गच्चीसाठीं मिळणारा परावर्तक पांढरा रंग लावावा, किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी करून घ्यावी. 2010 च्या मे महिन्यांतील भयंकर उष्म्यानंतर अहमदाबादच्या महानगरपालिकेनें 2013 सालीं उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. पुढें त्या कामांत गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचा उपक्रमही आला. जी युक्ति एका मोठ्या शहरानें आपल्या गरीब घरांसाठीं पसंत केली, ती उचगांवच्या गच्चीला कमीपणा आणणारी खास नव्हे.

चुन्याहून चांगली गोष्ट म्हणजे सावली. गच्चीवर बांबूचा मांडव घालून त्यावर दोडका, कारलें किंवा भोपळा चढविला तर स्लॅबवर ऊन पडतच नाहीं, आणि भाजी मिळते ती निराळी. पुष्कळ घरांवर पावसासाठीं पत्र्याचें छप्पर घातलेलें असतें. तें चारी बाजूंनीं उघडें ठेवलें तर उन्हाळ्यांतही उपयोगी पडतें, कारण पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळतो. मात्र जेथें पत्रा हेंच खोलीचें एकमेव छप्पर आहे, तेथें त्याखालीं हवेची पोकळी सोडून दुसरें छत बसविल्याखेरीज खोली राहण्याजोगी होत नाहीं. वाळलेला पाला किंवा उसाचें पाचट गच्चीवर पसरण्याची रीतिही कोठेंकोठें दिसते. तिनें गारवा येतो, पण एका ठिणगीनें घर धोक्यांत येतें, म्हणून ती टाळलेली बरी.

पश्चिमेच्या खिडकीविषयीं एक नियम पक्का ध्यानांत ठेवावा: ऊन कांचेच्या बाहेर अडवावें, आंत नव्हे. एकदां किरण कांचेंतून आंत आले म्हणजे मग जाड पडदा असो कीं पातळ, उष्णता घरांत येऊन पोहोंचलेली असते. म्हणून खिडकीबाहेर बांबूची चटई सोडावी, छज्जा पुढें काढावा, किंवा जागा असेल तर पश्चिमेला शेवगा लावावा. तो लौकर वाढतो आणि शेंगाही देतो. कडुनिंब सावकाश वाढतो, पण त्याची सावली पुढच्या पिढीला पुरते. वाळ्याचे ओले पडदे ही तर आपल्याकडची जुनीच सोय. पाण्याचें बाष्प होतांना तें भोंवतालची उष्णता घेऊन जातें. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें पडद्यांतून येणारा वारा गार लागतो.

यानंतर वाऱ्याची पाळी. जुनीं माणसें उन्हाळ्यांत सकाळीं दहाच्या आंत दारें-खिडक्या लावून घेत आणि ऊन उतरल्यावर त्या सताड उघडीत. हल्लीं याच्या उलट चालतें. दुपारीं “हवा यावी” म्हणून खिडक्या उघड्या असतात. तेव्हां येते ती 38 अंशांची हवा. आणि संध्याकाळीं डांस, धूळ व चोर यांच्या भयानें खिडक्या बंद होतात. तेव्हां बाहेरचा गारवा बाहेरच राहतो. महामार्गाजवळच्या घरांना धूळ आणि आवाज यांचा त्रास अधिक, हें खरें. त्यांनीं रस्त्याकडील खिडकी बंद ठेवून मागच्या बाजूची उघडावी, आणि तापलेली हवा जाण्यासाठीं जिन्याच्या माथ्यावर जाळीचा झरोका ठेवावा. तापलेली हवा वर चढते. तिला वर वाट मिळाली कीं खालून गार हवा आपोआप येते. खिडक्यांना जाळी व गज बसविण्याचा खर्च एकदांच होतो. रात्रीच्या वाऱ्याचें बिल मात्र कधींच येत नाहीं.

एवढें झाल्यावर पंख्याचा विचार करावा. साधा छताचा पंखा सुमारें 75 वॉट घेतो. ज्याला बाजारांत बीएलडीसी म्हणतात तो नवा पंखा सुमारें 30 वॉटमध्यें तितकाच वारा देतो. चार पंखे रोज दहा तास चालले तर पहिल्या प्रकारांत महिन्यास 90 युनिटें जातात, दुसऱ्या प्रकारांत 36. पंख्यावर ताऱ्यांचें लेबल असणें 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचें झालें आहे. घेतांना तें पाहावें. नव्या पंख्याची किंमत जास्त असते, म्हणून चारही एकदम बदलूं नयेत. जो सर्वांत अधिक तास चालतो तो आधीं बदलावा. आणि एक लहानशी गोष्ट: पंखा खोलीला गार करीत नाहीं, अंगावरचा घाम सुकवून माणसाला गार करतो. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा केवळ वीज खर्च करतो.

कूलरचें सामर्थ्य आणि दौर्बल्य दोन्ही माठाप्रमाणें समजावीं. हवा कोरडी असेल तेव्हांच पाणी भराभर उडतें. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारीं कूलर कोल्हापुरांत चांगलें काम देतो, आणि त्याला एसीच्या मानानें फारच थोडी वीज लागते. पण मेअखेर हवेंत दमटपणा भरला कीं तोच कूलर खोली चिकचिकीत करतो. तेव्हां तो बंद करून नुसता पंखा लावावा. त्यांतील पाणी वरचेवर बदललें नाहीं तर डांसांची पैदास होते, हेंही विसरूं नये.

एसीचा जन्म माणसाच्या सुखासाठीं झालाच नव्हता. अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे व रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरानें 1902 सालीं हवेंतील बाष्प काढणारी योजना आंखली. तेव्हांपासून या यंत्राला दोन कामें आहेत: उष्णता बाहेर टाकणें आणि दमटपणा काढणें. तापलेल्या स्लॅबखालीं तें बसविलें तर त्याची सारी शक्ति स्लॅबशीं झुंजण्यांत जाते; आधीं स्लॅबला अस्तर लावलें तर लहान यंत्र थोडा वेळ चालून पुरतें. म्हणजे चुन्यावर घातलेले पैसे एसी न घेणाऱ्याला उपयोगी पडतातच. एसी घेणाऱ्याला ते त्याहून अधिक उपयोगी पडतात. 2020 च्या जानेवारीपासून नवें यंत्र सुरू करतांच 24 अंशांवर चालावें असा नियम झाला आहे. एकेक अंश वर ठेवल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत विभागाचा हिशेब आहे. 26 अंश आणि जोडीला मंद पंखा, एवढ्यानें शांत झोंप येते. 18 अंशांवर यंत्र ठेवून दुलई पांघरणें म्हणजे दोन्ही बाजूंनीं पैसे मोजणें होय.

आतां पुन्हां स्नानघराकडे वळावें. कोल्हापुरकडील घरांत तांब्याचा बंब ही एके काळीं मानाची वस्तु होती, आणि पुष्कळ घरांत ती अजूनही आहे. त्याची रचना पाहण्यासारखी असते. जाळ मध्यभागच्या नळींत आणि पाणी त्याच्या चहूंबाजूंनीं. त्यामुळें जाळाची उष्णता बाहेर पळण्यापूर्वीं पाण्याला भेटते. नारळाच्या करवंट्या, शेणी, चिपाड, लाकडाचे तुकडे, असें घरांतील व शेतांतील टाकाऊ जळण त्यांत खपतें. ज्यांच्याकडे असें जळण फुकट आहे आणि बंब उघड्या अंगणांत ठेवण्यास जागा आहे, त्यांनीं तो मोडींत काढण्याची घाई करूं नये. पण धूर घरांत कोंडत असेल, किंवा पेटवण म्हणून प्लॅस्टिक जाळलें जात असेल, तर ती काटकसर नव्हे. तिची किंमत सुनेची छाती आणि मुलांचे डोळे देतात. गॅसचा गीझरही बंद स्नानघरांत लावूं नये. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्याचा वास येत नाहीं, आणि तो जीव घेतो. तें यंत्र बाहेर लावावें व स्नानघरांत हवा खेळती ठेवावी.

शहरवजा वस्तींत सर्वांत शहाणपणाचा बंब म्हणजे सूर्य. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसविलेल्या सौर बंबांत पाणी तापून हलकें होतें व आपोआप वरच्या टाकींत चढतें. त्याला पंप लागत नाहीं कीं वीज. दक्षिणेकडे तोंड कां, हें वर सांगितलेल्या सूर्याच्या वाटेवरून ध्यानांत येईल: गरम पाण्याची खरी गरज थंडींत असते, आणि थंडींत सूर्य दक्षिणेला असतो. वर मोजलेल्या 540 युनिटांपैकीं थंडीचीं 300 युनिटें अशा बंबानें जवळजवळ सगळीं वांचतात. जुलै-ऑगस्टच्या झडींत मात्र तो हात टेकतो, आणि तेव्हां गीझर किंवा जुना बंब मदतीला घ्यावा लागतो. टाकीपासून स्नानघरापर्यंतची नळी लांब असेल तर तिला उष्णतारोधक वेष्टण घालावें, नाहींतर रोज सकाळीं बादलीभर निवलेलें पाणी आधीं सोडून द्यावें लागतें. बोअरचें पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात. ते वेळोवेळीं काढून घ्यावे. ज्यांना हा खर्च एकदम झेपत नाहीं, त्यांनीं निदान गीझर स्नानापूर्वीं थोडा वेळच लावावा, त्याचा कांटा मध्यावर ठेवावा, आणि घरांतील सर्वांचीं स्नानें एकामागून एक उरकावीं.

वीज निर्माण करणाऱ्या सौर फलकांसाठीं 2024 च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेंत एका किलोवॉटला 30,000, दोन किलोवॉटला 60,000 आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला 78,000 रुपये असें साहाय्य ठरविण्यांत आलें. एक किलोवॉटचे फलक स्वच्छ उन्हांत दिवसाला सुमारें चार युनिटें देतात. त्यांचा आणखी एक गुण जाहिरातींत क्वचितच सांगितला जातो: ते गच्चीवर सावली धरतात. ज्या उन्हानें छत तापत होतें तेंच ऊन पंखा फिरवूं लागतें. मात्र आधीं खर्च कमी करावा आणि मग फलक बसवावे. गळक्या हौदाला मोठा नळ जोडण्यांत शहाणपण नाहीं.

या सर्व विवेचनांत एक गोष्ट मात्र कधींही विसरतां कामा नये. वृद्धांना तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि कांहीं औषधांनीं शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ति आणखी घटते. तान्ह्या मुलांचीही तीच गत. घरांत आजारी माणूस असेल आणि रात्र खरोखर असह्य असेल, तर एसी लावावा. त्यांत संकोच वाटूं देऊं नये. काटकसर उपकरणाच्या पोटांतून काढावयाची असते, माणसाच्या अंगांतून नव्हे. युनिटें वांचलीं आणि म्हातारें माणूस आजारी पडलें, तर तो हिशेब कोणत्याही वहींत जुळत नाहीं.

उचगांवच्या त्या घरांत शेवटीं काय झालें? पुढच्याच रविवारीं मुलानें आणि नातीनें मिळून गच्चीला चुना दिला. पश्चिमेच्या खिडकीबाहेर चटई लागली. एसीसाठीं काढून ठेवलेल्या पैशांतून सौर बंबाचा पहिला हप्ता भरला गेला, आणि एसीचा विचार एक उन्हाळा पुढें ढकलला गेला. पण सर्वांत स्वस्त उपाय निराळाच निघाला, आणि तो सुनेला सुचला. खालच्या मजल्यावर पूर्वेची एक खोली होती. वर स्लॅबच्या ऐवजीं दुसरा मजला, म्हणून दिवसभर गार. तेथें दूरदर्शन-संच आणि पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. घरांतील सर्वांत गार खोली पाहुण्यांना आणि सर्वांत तापणारी खोली घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला, अशी वांटणी कोणीही हेतुपूर्वक केलेली नव्हती. ती आपोआप झाली होती. त्या संध्याकाळीं खुर्च्या वर गेल्या आणि आजींचा पलंग खालीं आला. त्याला एक पैसाही लागला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आजी उशिरा उठल्या. सुनेनें चहा पुढें ठेवून विचारलें, “आई, झोंप लागली का?” त्या म्हणाल्या, “लागली ग. पहांटे तर पांघरूण घ्यावें लागलें.”